कडेचा वायू

प्रिय भूपेंद्र,

"जे मोजमाप आपल्या म्हणण्याला आडवं येतं, त्याच्यापुढे आधी बसायचं." एम.एस्सी.ला असताना यावलच्या एसटीत तू मला हे म्हणाला होतास. शेजारची बाई केळीची फणी मांडीवर घेऊन पेंगत होती आणि तू धुळकट काचेवर बोटानं वर्णपट काढत होतास. मी आधी त्या वाक्यावर भाळले, तुझ्यावर जरा नंतर.

परवा जळगावला तुझ्या सत्काराला आले होते. अंगावर शाल घेऊन तू विज्ञानातल्या सचोटीवर बोललास. शेजारच्या खुर्चीवरचे एक नाना टाळ्या पिटत मला म्हणाले, "आपला मानूस शे, मॅडम!" भरीत-पुरीच्या ताटाला हात न लावता मी धुळ्याची बस धरली.

त्याआधीच तुझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी हर्षिता माझ्याकडे येऊन रडून गेली होती. तुला ठाऊक असलेलंच लिहिते, कारण तू ते विसरल्यासारखा वागतोयस. जवळच्या ज्या दीर्घिकांत तारे धडाधड जन्मतात, तिथला वायू कशानं आयनित होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून उजळतो, एवढाच तिचा प्रश्न. तुझं म्हणणं, सगळं काम तरुण, तापलेल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांचं. मधल्या भागात ते खरंच आहे. तिलाही तेच दिसलं. पण दोन दीर्घिकांच्या कडेला, जिथं असे तारे आसपास नाहीत, तिथंही वायू उजळलाय. वर्णपटात गंधकाच्या रेषा ठळक आणि रुंद आहेत. आतून उसळलेला वायू बाहेरच्या वायूवर आदळतोय, त्या धक्क्यानं हे होतंय, असं तिला वाटतं. मलाही. तू मात्र त्या दोन्हींपुढे 'निरीक्षण सदोष' असं लिहून त्या वगळायला सांगितलंस. निरीक्षणाच्या त्या रात्री आकाश निरभ्र होतं, भूपेंद्र. दुर्बिणीपाशी तूच होतास.

वर तिच्या वडिलांच्या कापडदुकानावरून टोमणा मारलास, "तुम्ही दुकानवाले ना? डागी माल काचेत मांडता का?" ती म्हणाली, "डागी माल कमी भावात देतो, सर. नव्हताच असं नाही सांगत." मला हे सांगताना रडता रडता हसली पोरगी. तुझी सही नसेल तर प्रबंध पुढे जात नाही, आणि तू तीच अडवून बसलायस. दुसरं कुणी नाही, तू!

काल तिचा फोन आला. "मॅडम, सर म्हणतात तसं लिहून टाकते सोमवारी. लहानशीच गोष्ट आहे." आवाज तिचा होता, सूर तुझा. तुझी शिसारी आली होतीच. तिच्या तोंडून तो सूर ऐकला आणि मला भीती वाटली. उद्या तिच्यापुढे बसणाऱ्या मुलांना ती हेच शिकवेल.

म्हणून लिहितेय. तुझं लग्न ठरलं तेव्हाही मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आता मागते. सोमवारच्या आत तिला बोलावून घे, त्या दोन्ही दीर्घिका प्रबंधात परत घे आणि 'माझं म्हणणं अपुरं होतं' असं तिच्यासमोर म्हण. तू म्हणणार नाहीस. तरी म्हण, भूपेंद्र.

एकेकाळची तुझीच,
वृषाली