शिळा रिपोर्ट आणि मातीचा घोडा

बडोदे, माडीवरची खोली

ति. योगिनीताईस तन्मयचा साष्टांग नमस्कार (खोली अरुंद, म्हणून पाय दुमडून). बुटवलला भाऊजींची कंबर आणि वैष्णवीचे दोन नवे दात खुशाल असतील. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि ताई, लाज त्याचीच वाटते. मी पॉझिटिव्ह नाही. कधीच नव्हतो.

सोमवारी सकाळी नऊला अलकापुरीतल्या लॅबमध्ये कोरोनासाठी नाकात काडी घालून घेतली, संध्याकाळी निगेटिव्ह रिपोर्ट हातात. नेपाळात शिरायला तो बहात्तर तासांच्या आतला लागतो, हे तू तीनदा बजावलं होतंस. पण ते तास काडी घातल्यापासून मोजतात. मी कागद मिळाल्यापासून मोजत होतो. तरीही बुधवारी दुपारी सीमेवर पोचलोच असतो. पण गाडीत शेजारी बसलेले एक काका गोरखपूर येता येता म्हणाले, आमच्या गावी मातीचे घोडे करतात. (काय घोडे, ताई! अंगभर नक्षी, गळ्यात घुंगरं, तीही मातीचीच. भट्टी उघडताना बघू म्हणून थांबलो, तर ती उघडली दुसऱ्या दिवशी सकाळी.) गुरुवारी दुपारी एकला सुनौलीला, सीमेवर पोचलो. चौकीवरच्या साहेबांनी बोटांवर तास मोजले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "भाई, रिपोर्ट अच्छी है, पर बासी है."

चार तास उशीर. तिकडे तू उष्टावणाचा पाट मांडून बसलेली. घोड्यापायी उशीर झाला म्हणायला जीभ रेटेना, म्हणून फोनवर पॉझिटिव्ह म्हणालो. वाटलं, भाऊजी भरवतील खीर. तर तू म्हणालीस, "मामाशिवाय पहिला घास नाही. तू बरा हो, आम्ही थांबतो." आता पोर सगळ्यांच्या ताटांकडे बघून ओठ हलवते म्हणे. ऐकल्यापासून मला जेवण जात नाही (जातं, पण कमी).

इकडे परतलो, तर तुझ्याकडून कळल्यामुळे आईने चौदा दिवसांसाठी कोंडलंय. समोरच्या बेन खिडकीतून "केम छे हवे?" म्हणत तब्येत विचारतात, की मला खोकावं लागतं. फोनवर बोललो तर आई जिन्यात उभी असते, म्हणून हे लिहून फोटो पाठवतोय. उष्टावण आजच उरक. माझी वाट बघू नकोस.

तुझा निगेटिव्ह भाऊ,
तन्मय

ता. क. आईला तूच फोन करून सांग. मला तोंड नाही.

ता. क. २. आत्ताच आईने दाराबाहेर खीर ठेवली. वैष्णवीसाठी घेतलेल्या चांदीच्या वाटीत. म्हणाली, "भाचीची वाटी आहे, बरा होशील." मी खाल्ली, ताई. वाटी घासायला खाली जावंच लागेल. आईला मीच सांगतो.