टाकीला अजीर्ण

तीर्थरूप बाबा,
लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे. आम्ही पाच देशांची माणसं इथे एकमेकांकडून शेणा-खरकट्याचा गॅस करायला शिकतोय. बोली मात्र एकाची दुसऱ्याला कळत नाही!

मागच्या आठवड्यात गॅस मंदावला. सगळे आणखी खरकटं ओतायला निघाले. मला आंबूस वास आला. तुम्ही घरच्या गोबरगॅसच्या टाकीबद्दल सांगता तसं पोट चोळून दाखवलं: अजीर्ण! आमच्या इंजिनिअरबाई एवढ्या शिकलेल्या, पण लगेच ऐकलं. टाकीला आठ दिवस उपास घडवला. आज शेगडीत निळी ज्योत आली, तेव्हा पाचही देशांनी पोट चोळून तुम्हाला सलाम केला.

काकू म्हणत होत्या, आई गेल्यापासून तुम्ही एकदाच जेवता. बाबा, उपास टाकीला मानवतो. तुम्हाला नाही.

तुमची,
धाकटी