मला समजलेलं एक वाक्य

मादाम,

पंधरा दिवसांपूर्वी मी फार्मसीत उभी होते. काउंटरवरच्या मुलीनं फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं आणि मी म्हणाले, "मले समजून नाई रायलं." मॉन्ट्रियलमध्ये सारी उमर काढली, इथल्या मुलांना फ्रेंच व्याकरण शिकवलं, आणि तोंडातून निघाली ती अकोल्याच्या घरातली वऱ्हाडी. शेजारी लेक होती. "मॉम, व्हॉट वॉज दॅट?" तिनं विचारलं. तिला मी पुस्तकी मराठी शिकवली होती. वऱ्हाडी कधी कानावर पडू दिली नाही. मग डॉक्टर, मग स्कॅन. रिपोर्ट गुरुवारी मिळायचा आहे. ज्यांना हे सांगावं अशा तुम्हीच, आणि तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली.

तुमच्याकडे विद्यापीठात शिकायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी निबंधात लिहिलं होतं की अस्तुरियन, म्हणजे उत्तर स्पेनमधली तुमची घरची भाषा, ही स्पॅनिशची बोली आहे. तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत, वही माझ्यापुढे सरकवलीत आणि शांतपणे म्हणालात, "एका आईच्या दोन मुली. त्यातली एक दुसरीची बिघडलेली नक्कल आहे, असं तुझ्या घरी म्हणतात का?" मी मान खाली घातली. त्याच रविवारी तुम्ही जेवायला बोलावलंत. ओट्यावर भिजवलेले पांढरे टपोरे घेवडे, शेगडीवर मोठं पातेलं. तुम्ही म्हणता, "हे फाबेस. लॅटिनमध्ये फाबा. आम्ही फ राखला, स्पॅनिशनं तो घालवला." आणि ढवळता ढवळता सांगता, की रोमन सैनिक आणि व्यापारी लॅटिन घेऊन तुमच्या डोंगरात आले, तिथल्या अस्तुर लोकांची आधीची भाषा हळूहळू मावळली, आणि त्यांच्या तोंडी ते लॅटिन पिढ्यान्‌पिढ्या घोळत तुमच्या आईचं बोलणं झालं. शाळेत पिठाला 'आरिना' न म्हणता 'फारिन्या' म्हणालात म्हणून बाईंनी तुमच्या तळहातावर पट्टी मारली होती. मी म्हणाले, आमच्याकडे डोळ्याला 'डोया' म्हणतात. पुण्याला कॉलेजात गेल्यावर मी ते सोडलं. तुम्ही पातेल्यातला डाव थांबवलात. "कुणी मारलं होतं?" "कुणी नाही," मी म्हणाले, "नुसते हसायचे."

तुम्हाला मेंदूचा झटका आला तेव्हा फ्रेंच गेली, मग स्पॅनिशही. उरली ती एकच, आईची. नर्सना वाटे तुम्ही बरळताय. मी रोज दुपारी येऊन सांगे, त्या नीट बोलतायत, त्यांना ब्लँकेट हवंय, उशी उंच हवीय. मला तुमची भाषा पुस्तकातून येत होती. माणसाच्या तोंडून, अशी मागणी म्हणून, मी ती प्रथमच ऐकत होते. तुमच्या डोळ्यांतली भीती मला बघवत नव्हती. शेवटच्या दुपारी तुम्ही माझी बाही धरून म्हणालात, "नुन मार्चेस." नर्सनं विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हणाले, "पाणी मागतायत." ती पाणी आणायला वळली आणि मी बाही सोडवून घेतली. बर्फ पडायला लागलाय, विंटर टायर अजून लावले नाहीत, असं तिला सांगून निघाले. रस्ता नुसता ओला होता. सकाळी फोन आला.

जाऊ नकोस, असं तुम्ही म्हणाला होतात. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काल लेकीला किचनमध्ये बसवलं. म्हटलं, मी उद्या फक्त वऱ्हाडीत बोलायला लागले तर तुला कळायला हवं. "मॉम, यू आर स्केअरिंग मी," ती म्हणाली. पण फोन काढला आणि इंग्रजी अक्षरांत लिहायला लागली. पाणी दे. थंडी वाजून रायली. पाय दुखून रायला. मले भेव वाटून रायलं. प्रत्येक वाक्य तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, मग स्वतः म्हणून पाहिलं. 'रायली' म्हणताना तिची जीभ अडखळली आणि आम्ही दोघी थोड्या हसलो.

"एनिथिंग एल्स?" तिनं विचारलं.

'नोको जाऊ' माझ्या ओठांवर होतं. मी म्हणाले, एवढंच.