या कानाची खबर त्या कानाला नाही

मिरज, मंगळवार

नारायणबुवा यांना महंमदचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. तुमचा दमा, वहिनींचे गुडघे आणि आटपाडीचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे नूरजहां खुशाल, पोरगा तौसीफ खुशाल, दुकानही खुशाल. माझं पुढे लिहितो. (फोन का केला नाही, तेही त्यातच येईल.)

बुवा, मला दीड-दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. झालं, लिहिलं एकदाचं. एवढं एक वाक्य लिहायला दोन चहा लागले. तुम्ही गाणारी माणसं, तुम्हाला काय सांगायचं? तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची आणि सूर फुलला का ते ऐकायचं, ह्या जवारीच्या कामात माझी चाळीस वर्षं गेली. अशा माणसाचे कान गेले तर त्याच्याजवळ राहिला काय, नुसता भोपळा. तार छेडली की खालचा सूर यायचा, पण वरचा बारीक गुंजारव कुठं जायचा कळायचं नाही. आधी मी तारांना दोष दिला, मग भोपळ्याला, मग हवेला. (तारा बदलल्या. हवा काही बदलता आली नाही.) आणि हे गिऱ्हाइकांना कळलं असतं तर दुकानाला कुलूपच.

मिरजेत डॉक्टरांना काय तोटा? पण निम्म्यांच्या घरी माझा तंबोरा आहे आणि उरलेल्यांचे कंपाउंडर आमच्याच गल्लीत राहतात. म्हणून भोपळे बघायला जातो असं घरी सांगून मी एसटीनं सातारा गाठला. तिथं कानांचा एक दवाखाना आहे. बाहेरच्या खोलीत सगळेच कमी ऐकणारे, त्यामुळे सगळे ओरडून बोलत होते. शेजारच्या एका आजोबांनी मला त्यांच्या सुनेचं, बांधाच्या भांडणाचं आणि मूळव्याधीचं सगळं सांगितलं, आणि मला ते ऐकू आलं, यावरून समजा आवाज केवढा असेल. ह्या गलक्यात काउंटरवर मयूरी नावाची पोरगी बसते. तिचा कायदा असा की, पेशंटचं नाव पुकारायचं नाही, आजाराचा तर उच्चारही नाही, फक्त टोकनचा नंबर सांगायचा, आणि तोही हळू. बहिऱ्यांच्या दवाखान्यात हळू! माझा नंबर अकरा. सोळा नंबरवाला आत जाऊन घरी गेला, तरी मी आपला बसलेलाच. शेवटी ती उठून जवळ आली आणि पाटीवर अकरा लिहून दाखवलं. पुढं वय, पत्ता, धंदा, सगळं पाटीवरच. मी तोंडानं सांगायला लागलो (बहिरा माणूस हळू बोलत नाही), तशी तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि खडू माझ्या हातात दिला. उत्तर कागदावर उतरवलं की पाटी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसायची. मग तिनं लिहिलं, तुमची माहिती कुणाला सांगितलेली चालेल? बायको, मुलगा, ऐकायच्या मशीनची कंपनी? मी तिन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं.

हे मी लिहिलं खरं, पण ते पाळणारं माणूस भेटेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला रिपोर्ट मागितला तर जन्मतारीख विचारली. मी खरी सांगितली. कागदावर होती हेडमास्तरांनी लावलेली एक जून. जुळेना, म्हणून माझाच रिपोर्ट मला मिळेना! आधारकार्ड दाखवलं तेव्हा हातात पडला.

तिकडं नूरजहांला माझ्या खिशात दवाखान्याचा नंबर सापडला, नुसता नंबर, नाव नाही. तिनं फोन लावला. पलीकडून एका पोरीचा आवाज म्हणाला, “ते इथं येतात की नाही, ते मी सांगू शकत नाही.” बुवा, मंगळवार-मंगळवार साताऱ्याला जाणाऱ्या नवऱ्याबद्दल बायकोनं असं ऐकल्यावर घरात काय झालं असेल! त्या संध्याकाळी सगळं कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ऐकून तिनं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, “दोन वर्षं झाली मी घरात ओरडून बोलतेय. शेजारणी मला भांडकुदळ म्हणतात. तुमचे कान गेलेत असं सांगितलं नाही कुणाला.”

तिसऱ्या खेपेला डॉक्टर अपूर्वाबाईंनी कानात मशीन बसवलं. पहिल्यांदा पंख्याची घरघर आली, मग कागदाची सळसळ. दार किलकिलं होतं, आणि बाहेरून ओळखीचा आवाज आला. दिग्विजय! माझे तंबोरे पुण्याला नेऊन विकणारा व्यापारी. आईचे कान दाखवायला आला होता. “आत्ता आत गेले ते आमचे मिरजेचे महंमदभाई ना? काय झालंय त्यांना?” मी खुर्चीतच दाराकडं पाठ केली. तेवढ्यात मयूरी म्हणाली, “इथं कोण येतं ते मी सांगत नाही, दादा. तुमच्या आईंबद्दल उद्या कुणी विचारलं, तरी हेच सांगेन.”

दोन वर्षांनी नीट ऐकू आलेलं पहिलं बोलणं हे, बुवा. डोळे भरून आले. अपूर्वाबाईंना वाटलं मशीन टोचतंय.

घरी येऊन तार छेडली. गुंजारव खोलीभर फिरला. नूरजहांनं विचारलं, “आता हळू बोलू?” तेही ऐकू आलं. मयूरीला एक छोटा तंबोरा द्यायला गेलो तर म्हणाली, “नको चाचा, काउंटरवर ठेवला तर लोक विचारतील कुणी दिला.” अशा पोरीचे उपकार कसे फेडायचे? अल्ला तिला आणि तिच्या पाटीला सुखी ठेवो.

तुमचा,
महंमद

ता. क. हे पत्र वाचून फाडून टाका. वहिनींना सांगितलं तरी चालेल, शिष्यांना नको.

आणखी एक. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो. चैत्रात तुम्हाला दिलेल्या तंबोऱ्याची जवारी मी त्याच गेलेल्या कानांनी काढली होती. त्याच वेळी केलेला त्याचा जोडीदार काल मशीन लावून ऐकला. पत्र्यावर खुर्ची ओढल्यासारखा वाजतो. आणि तुमचं तर पत्र आलं होतं की, असा सूर जन्मात ऐकला नाही. बुवा, मैत्रीखातर लिहिलं असेल तर हरकत नाही, तंबोरा पाठवा, दुरुस्त करून देतो. पण मनापासून लिहिलं असेल, तर पुढच्या मंगळवारी तुम्हीही साताऱ्याला या. मी शेजारी बसेन.