शिडाला लावलेलं लुगडं

भाद्रपद वद्य पंचमी, शके १८६०

पोचले बाई एकदाची. डोंगरकडा गावाहून बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, पण लेकाची, खेमाची नाव पाहून जीव खुलला. मला वाटलं डोंगा असंल. ही तर घरासारखी. मधी गवताचं छप्पर, खाली चूल, वर मांजरपाटाचं शीड. नांदेडला गोदावरीत शिडाच्या नावा पाहून पोरानं हे खूळ घेतलं. वारा भरला की पैनगंगेत अशी सरकते की पोटातलं पाणी हलत न्हाई. हळदीची पोती या घाटाहून त्या घाटाला न्यायची, सांजच्याला निवांत काठ पाहून नांगर टाकायचा, भाकरी खायची. अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रजाचं वऱ्हाड, मधी आमी कुणाचेच न्हाई. ढेकळं फोडण्यात उगीच जन्म घातला.

सून सिंधू डोहाकाठच्या दगडावर धुणं धुताना वाहून गेली, म्हणून मला बोलावणं. नात मिरा अजून बोबडीच. तिला शिकवायला वही आणली होती. अक्षरं मी भावाच्या पाटीवर चोरून शिकले. पोरगी एका जागी बसंना, मग मीच लिहून राहिले.

भाद्रपद वद्य षष्ठी

आज सिंधूचं तेरावं. प्रेत सापडलंच न्हाई. घाटावरची भोईण सखुबाई सांगून गेली, की बुडालेलीचं चांगलं लुगडं आजच्या आज सासूच्या हातानं डोहात सोडायचं. काहून, ते विचारलं तर म्हणाली, तुमी नांगरटीची माणसं, तुमाला पाण्याचं काय सांगावं. मीबी म्हणलं, मग नको सांगू.

खेमानं पेटीतलं हिरवं लुगडं काढून दिलं. नवंकोरं, लाल काठाचं. माझ्या अंगाला जन्मात असं लागलं न्हाई, आन हे मासळ्यांना नेसवायचं? गाठोड्यात फाटकं धडपं बांधून सोडलं. खेमा हात जोडून उभा होता. मला हसू आवरंना.

भाद्रपद वद्य एकादशी

वावटळीनं शीड उभं फाटलं. खेमा कापडाला बाजारात निघाला, मी म्हणलं बस खाली. हिरवं लुगडं दुमडून शिडाला शिवून टाकलं. खेमानं काठ ओळखला. सुकाणूपाशी पाठ करून बसला. राग आला की पाठ फिरवायची, बापावरच गेला. जेवला न्हाई. न जेवू दे, भाकरी उद्याला झाली.

आश्विन शुद्ध प्रतिपदा

पान हलत न्हाई आन शीड फुगतं. नाव सारखी धुण्याच्या दगडाकडं, त्या डोहाकडं ओढ घेते. खेमा वल्हं मारून घामाघूम झाला.

मिरा म्हणते, आई खाली हाय. गळ्याइतक्या पाण्यात बसलीय. वर ये म्हणलं तर लाजते. थोबाडीत दिली एक. रडली न्हाई. आईला थंडी वाजते म्हणाली.

आश्विन शुद्ध तृतीया

काल पार लांब नांगर टाकला होता. सकाळी उठून पाहते तर नाव त्याच डोहात. नांगराचा दोर तसाच, ताणलेला.

मिरा फळीवर पालथी पडून पाण्यात दोन्ही हात घालून काहीतरी करून राहिली होती. वेणी घालून राहिली होती. मी खसकन मागं ओढली. तिच्या बोटांत लांब केस, हातभर.

खाली पाहिलं म्या. पाहायला नको होतं.

आश्विन शुद्ध चतुर्थी

शिडाचे टाके उसवले सगळे. लेकीची लेक न्हाई, लेकाची लेक हाय ती, माझी हाय. तिच्यापायी एका लुगड्याचा काय मोह. घडी घालून डोहात सोडलं. तरंगलं न्हाई. खालून कुणी हातातून घ्यावं तसं गेलं.

मिरा आज शांत निजली. घे सिंधू, म्हणलं, तुझं तुला दिलं. आता जाय.

आश्विन शुद्ध पंचमी

घाटावर सखुबाई भेटली. मी तोऱ्यात सांगितलं, दिलं बरं का तुमचं लुगडं. तिनं हातातली टोपली खाली ठेवली. विचारलं, कधी? सांगितलं.

मग बोलली. उघडी बाई काठाला येत न्हाई, माणसांत येत न्हाई. तेराव्याला नेसवली तर पुढच्या वाटेला लागते. मागून नेसवली तर घरी येते. म्हणाली, म्हातारे, तिला लाज होती तवर लेकरू तुझं होतं.

मी मिराकडं, नावेकडं पळत सुटले.

आश्विन शुद्ध षष्ठी, भर दुपार

खेमा पोती उतरवायला घाटावर. मिराला माझ्या कमरेला पदरानं बांधलंय. पक्की गाठ —

नाव एका अंगाला कलली. कुणी चढलं —

ओलं लुगडं पिळल्याचा आवाज. एकदा. पुन्ना.

वर पाहत न्हाई. वहीत पाहते. वहीत पाहून लिहिते म्हणजे तिच्याकडं पाहावं लागत न्हाई —

लाल काठ. निऱ्या बराबर. डोक्यावरून पदर. जिवंत होती तवा असं नीट कधी नेसली न्हाई —

वाकली. पाया पडते, आत्याबाई, म्हणते.

माझ्या पावलांवर पाणी टिपकून राहिलं.

सासूनं आशीर्वाद दिल्याबिगर सून उठत न्हाई. न्हाई देणार. तोंडच उघडत न्हाई. वाकलेली राहा. खेमा येईस्तोवर — सांज होईस्तोवर — वाकलेलीच राहा —

मिरा पुढं सरकली. गाठ हाय, गाठ हाय अजून. हात पोचतो तिचा. आईच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणते, आजी देत न्हाई तर मी देते —

मिरे, न्हाई — तोंड मिट — मि