तिसरं बटण

इंदिरानगर, नाशिक
८ सप्टेंबर २०२५

ती. संतोषदादास,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, तिकडचं कळवावे, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. नऊ वर्षांत तू काही कळवलेलं नाहीस, तेव्हा आता कळवशील या भ्रमात मी नाही. आई माझ्याकडेच असते. गुडघे दुखतात, पण गॅलरीत झेंडूच्या आठ कुंड्या लावल्यात आणि रोज पाणी घालताना खालच्या बाईंचे वाळत घातलेले कपडे भिजवते. त्या बाई भांडायला वर आल्या की आई ऐकू येत नसल्याचं सोंग करते आणि मला पुढे करते. मळा पुंजाकाका वाट्यानं करतात. राज बरा आहे, जावई असून आईचं सगळं करतो.

आता तुझा पत्ता कसा मिळाला ते. तू दचकला असशील, म्हणून आधी तेच सांगते.

मी घरूनच आवाजाचं काम करते. लोकांच्या रेकॉर्डिंगमधली घरघर, पंख्याचा आवाज, खोकला काढून द्यायचा. गेल्या महिन्यात एकानं भुताच्या गोष्टींची मालिका करायला दिली आणि म्हणाला, नेहमीचं दार करकरणं नको, कुणी कधी ऐकलं नसेल असं काही द्या. म्हणून मी इंटरनेटवर हातानं बनवलेले सिंथ शोधायला बसले. तुला काय सांगायचं म्हणा सिंथ म्हणजे काय. पट्ट्या नसलेली पेटी, बटणं फिरवली की वीजच गाते. काय काय लोक बनवतात दादा. एकानं तुपाच्या डब्यात स्प्रिंगा ताणल्यात. एकीनं असं केलंय की ओलं पान चिमटीत धरलं की ते रडल्यासारखं वाजतं. मी तीन दिवस जेवणखाण विसरून तेच ऐकत होते.

चौथ्या दिवशी तो फोटो दिसला. हिरवी लोखंडी पेटी, वर तीन बटणं, बाजूला लहान स्पीकर. खाली लिहिलेलं, 'एकच नग आहे. बंद करायचं बटण दिलेलं नाही. वायर काढावी.' बनवणाऱ्याचं नाव नाही. पण पेटीच्या दारावर कुंकवाची पाच बोटं होती. खंडेनवमीला आई तेलात कुंकू कालवून विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरवर बोटं ओढायची, आणि करंगळीचं बोट नेहमी खाली ओघळायचं. तसंच ओघळलेलं होतं.

मागवताना राजचं नाव घातलं. माझं वाचून तू पाठवली नसतीस. पार्सलवर सुरगाण्याचा, बसस्टँडमागचा पत्ता होता आणि अक्षर तुझं होतं. तुझा 'श' अजून उलटाच.

पेटी छान केलीयस. खरंच. तू आयटीआयला असताना या स्टार्टरला मोबाइलचं यंत्र जोडलंस तेव्हा सगळा गाव बघायला आला होता, आठवतं? मिस कॉल द्यायचा की विहिरीवरची मोटर चालू. वरून स्पीकर लावलास आणि अण्णांचा आवाज त्यात भरलास, म्हणजे विहिरीवर असणाऱ्याला कळावं की कुणी लावली. तीन नंबर, तीन आवाज. अण्णा लाजत होते. "भिमाजीनं मोटर लावली" असं स्वतःचंच नाव स्वतः कसं घ्यायचं, म्हणून चारदा हसले.

पहिलं बटण फिरवलं तर तो आवाज आला. हळू फिरवलं की लांबतो, लांबतो आणि शेवटी नुसता गुरगुराट उरतो. दुसऱ्या बटणाला तुझं नाव येतं. तिसरं तू एम-सील लावून बुजवलंस. का रे?

आईला अजून काही दाखवलेलं नाही. उत्तर पाठव, दोन ओळी चालतील.

तुझी धाकटी,
उज्वला

—

इंदिरानगर, नाशिक
१५ सप्टेंबर २०२५

ती. दादास, सा. न.

उत्तर आलं नाही. ते येण्याआधीच लिहायला बसले, कारण एक गोष्ट विचारायची आहे आणि ती मला राजला सांगता येत नाही.

पेटी आल्यापासून रोज दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजतो. स्क्रीनवर नाव येतं, 'मोटर मळा'.

तो नंबर मी कधी काढला नाही. आता सांगूनच टाकते, त्याचं रिचार्जही मीच करत आले. नऊ वर्षं. राजला वाटतं तो आईचा जुना नंबर आहे. का करते विचारशील तर सांगता येत नाही. बंद पडला असता तर तो दुसऱ्या कुणाला तरी मिळाला असता आणि अण्णांच्या मोटरच्या नंबरावर कुणी परका 'हॅलो' म्हणाला असता, ते मला सोसलं नसतं. वर्षातून एकदा, पाचव्या माळेला, अण्णांच्या तिथीला, मी त्यावर फोन लावायची. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकायची आणि ठेवायची.

आणि आता तो मला लावतो. मी उचलत नाही. बरोबर सात वेळा वाजतो आणि थांबतो.

पहिल्या दिवशी वाटलं, पेटीत जुनं सिम राहिलं असेल. स्क्रू काढून बघितलं. सिमची जागा रिकामी आहे, तिथे तू कापूस भरलायस. दुसऱ्या दिवशी पेटीची वायर काढून ती कपाटात कुलपात ठेवली. दोन वीसला फोन वाजला. भर उन्हाची वेळ, खाली भाजीवाली ओरडत होती, वर आई कुंड्यांशी बोलत होती, आणि मी फोनकडे बघत उभी. भुतं काय ते माझ्या कामात असतात, मी त्यांचं बिल लावते. पण शेवटी मी फोनवर उशी ठेवली.

सिम तुझ्याकडे आहे ना? तूच लावतोस ना? रागानं लावत असशील तरी चालेल. मला बरं वाटेल.

कारण ती वेळ आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. अण्णा गेले त्या आठवड्यात लाईट दोन वीसला यायची. दसऱ्याला झेंडू तोडायचा होता आणि पाणी तुटलं तर फूल बारीक पडतं. मोटर लावायचं काम तुझं, आणि तू विसरायचास, आणि अण्णा चिडायचे. त्या दिवशी मी माझ्या लग्नाचा बस्ता बांधायला आले होते, दुकानात मावशीबरोबर साड्या बघत होते. अण्णांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. तो त्यांच्या सदऱ्यात होता आणि सदरा जांभळीच्या फांदीला, हे नंतर कळलं.

आज एवढंच लिहवतं.

गंगेवरचा दहावा मात्र लिहिते, तो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. तासभर. आईचं बघू, उज्वलाचं लग्न ठरल्याप्रमाणे करू, सगळं सांगून झालं. कोंडाजीकाका सगळ्यांसमोर तुझ्याकडे वळून म्हणाले, "मोटर लावायचं काम तुझं व्हतं. काय ते बोल आता, बापाचा जीव अडकलाय." आणि तू म्हणालास, "माझ्याच हातून लागली. मी मळा सोडून जातो." तेवढ्यात कावळा उतरला. बायकांनी पदर तोंडाला लावले. त्या घडीपासून तू बापाला मारणारा ठरलास.

मी आईला धरून उभी होते. तोंडात एक वाक्य आलं होतं, ते मी गिळलं. लग्न तोंडावर होतं. नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आले की तूही त्याच मिनिटाला फोन लावला असशील, म्हणजे दोन फोन गेले असतील, आणि त्यांतला कुठला आधी पोचला ते देवालाच माहीत.

तू लावला होतास का दादा?

उज्वला

—

मळा, मखमलाबाद
पाचवी माळ, २६ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझी चिठ्ठी परवा मिळाली. तीन ओळी. तोंडपाठ झाल्यात, तरी इथे उतरवते, म्हणजे तूही एकदा वाचशील काय लिहिलंस ते. 'पेटी घरात ठेववत नव्हती म्हणून विकली, तुझ्याकडेच जाईल असं वाटलं नव्हतं. तिसरं बटण उघडू नकोस. सिम मी त्याच वर्षी विहिरीत टाकलं.'

माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. पण तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच मी उत्तर ऐकलं होतं.

आईनं ऐकवलं. मी बाहेर गेले होते तेव्हा तिनं चादरी काढायला कपाट उघडलं आणि पेटी बघून ओळखली. मी आले तर ती पेटी मांडीवर घेऊन बसलेली. मला म्हणाली, "हे आपल्या विहिरीवरचं हाय. माझी बोटं हायत यावर." मी वायर जोडून पहिलं बटण फिरवलं. अण्णांचा आवाज ऐकून ती रडेल असं वाटलं होतं, पण ती नुसती ऐकत राहिली. तीनदा लावायला लावलं. मग दुसरं. मग तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे का बुजवलंय?"

मी म्हटलं, दादानं बुजवलंय.

"मग फोड."

"आई, नको."

"संतोष लहानपनापासून काय लपवायचं असलं की माती लावून ठेवायचा. फोड म्हनते ना."

मी स्क्रू ड्रायव्हरनं एम-सील खरवडलं. तो दोनदा निसटला. बटण फिरवलं. आधी खरखर आली, मग अण्णा आले, सावकाश, नेहमीसारखे हसू दाबत.

"उज्वलानं मोटर लावली."

ज्या दिवशी तू ते भरून घेतलंस त्या दिवशी मी शेजारी उभी होते, माझं नाव घेताना ते लाडात आले होते. तोच लाड अजून त्यात आहे. आणि तेच त्यांनी विहिरीत शेवटचं ऐकलं. केबलचा जोड बांधायला ते खाली उतरले होते, हातात उघडी तार. लाईट नव्हती म्हणून कटआउट काढून वीज तोडली नव्हती, आणि तुला सांगून ठेवलं होतं की आज मोटर लावू नको. मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी साडीच्या दुकानात बसून, दादा बोलणी खाईल म्हणून मिस कॉल दिला. तुझी बोलणी वाचवायला, दादा. एवढंच मनात होतं.

तू बांधावर होतास. तू ते ऐकलंस, म्हणून तर बाकीची दोन सोडून माझ्याच नावाचं बटण बुजवलंस. म्हणजे गंगेवर तू बोललास तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तू फोन लावलाच नव्हतास. दोन फोन कधी गेलेच नव्हते.

मी आईच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. तिनं मला जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. बराच वेळ कुंकवाच्या बोटांवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "तुझ्या हातून झालं ते चुकून झालं. पन ह्या पोराला नऊ वर्सं मी दारात घेतलं नाय, ते काय चुकून नाय." माझ्याशी ती त्यानंतर कामापुरतंच बोलते. ते बरोबरच आहे.

एक कबूल करते. तुझी चिठ्ठी वाचून मला तुझा राग आला. माझ्या वतीनं तू बोललास आणि निघून गेलास, मला बोलायला जागाच ठेवली नाहीस. मग रडायला आलं. सुरगाण्याला तू काय खातोस, पावसात घर गळतं का, कुणी आहे का तुझ्याजवळ, यातलं मला काहीच माहीत नाही. लग्नात माझ्या मागे मामा उभे होते, पण माझी नजर सगळा वेळ मांडवाच्या दाराकडे होती, आणि तू आला असतास तर मी मेल्याहून मेले असते, हेही खरं आहे.

आज सकाळी मी आणि आई इथे आलो. कोंडाजीकाकांना, पुंजाकाकांना आणि आळीतल्या चार घरांना पारावर बोलावून मी सांगितलं. पेटी नेली होती, तिसरं बटण लावलं. अण्णांचा आवाज ऐकून कोंडाजीकाकांनी टोपी काढली.  मग तेच म्हणाले, "मंग कावळा खोट्यावर कसा शिवला गं?"  भागीबाई म्हणाली, "भूक लागली आसंल त्याला." 

आता विहिरीच्या काठावर बसून हे लिहितेय. नवीन मोटर पाण्याच्या आत असते, आता उतरावं लागत नाही. जांभळीखाली आई झेंडूच्या कळ्या बघतेय. दसऱ्याला फूल चांगलं येईल म्हणते. गुरुवारी दसरा आहे. बुधवारी खंडेनवमीला ती पेटीवर नवी बोटं ओढणार आहे, आणि तू यावंस म्हणून तिनं निरोप दिलाय, तिच्याच शब्दात लिहिते: "म्हनावं दार उघडं हाय, आन मी दारातच हाय."

पेटीची वायर मी पारावरच काढली. ती माझ्या पिशवीत आहे, पेटी शेजारी नुसती पडलीय. सिम खाली पाण्यात आहे, तूच म्हणालास. पाणी काळं दिसतंय आणि अजिबात हलत नाही.

दोन अठरा झाले. मी इथे बसलेय ती याचसाठी. नऊ वर्षांपूर्वी फोन लागला आणि मी काही न बोलता ठेवून दिला, कारण मिस कॉलला कुणी बोलत नसतं. तिकडून मला कुणी काय सांगत असेल ते मी ऐकून घेतलं नाही.

दोन वीस. वाजतोय, दादा. आईनं मान वर केली, म्हणजे तिलाही ऐकू येतंय. नाव तेच आहे. पाच वेळा वाजला. या खेपेला मी उचलतेय, आणि काही विचारलं तर पहिल्यांदा माझं नाव सांगणार आहे.

मोटर लावणारी,
तुझी बहीण
उज्वला