मिटलेली पानं

१९ ऑगस्ट १९७२, अनसिंग
सव्वीस दिवस पाऊस नाही. काशीकाकूंची ज्वारी दुपारभर पानांच्या सुरळ्या करून उभी. मी पानं खुडते, बर्फाच्या डब्यात ठेवते. वाशीमहून भुशात बांधून आणलेला बर्फ, अर्धा एसटीतच वितळतो. राहते काकूंकडेच, त्यांची ओसरी माझी प्रयोगशाळा.
"पानं वाटून काय पाहून राह्यली वं?" काकूंनी विचारलं.
सांगितलं. पानातल्या प्रथिनांना गंधकाची टोकं असतात. पाणी तुटलं की ती एकमेकांना चिकटतात, गाठ बसते. जितकी टोकं मोकळी, तितका रसायन घातल्यावर माझ्या नळीतला पिवळा रंग गडद.
"अन् गाठ सुटते का?"
तेच तर शोधतेय. हा प्रश्न लिहायला मला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात एक वर्ष लागलं होतं.

२२ ऑगस्ट
रंग फिका. जवळजवळ पाणीच. नळी उजेडात धरून किती वेळ बसले, कळलं नाही. बाहेर सगळं पांढरं. ऊन की धूळ... पानं हलतही नाहीत. आत काय चाललं असेल?

२४ ऑगस्ट
काकूंचे दीर नामदेवभाऊ आले. "वहिनी, उद्या कापून टाकू. बैलायले चारा तरी होईन. वाळल्यावर काय करसान?"
काकूंना नवरा गेल्यापासून हेच तीन एकर. त्या माझ्याकडे वळून, "तुई नळी काय म्हन्ते?"
उद्यापर्यंत थांबा, मी म्हणाले. कोणत्या अधिकाराने, कोण जाणे.
ज्वारीची तीन ताटं कापून पाण्याच्या बादलीत उभी केली.

२५ ऑगस्ट
सकाळी पानं उलगडलेली! लगेच वाटली, गाळली. पिवळा. स्वच्छ, ताज्या तेलासारखा. गाठ सुटते.
दोघांना सांगितलं : पीक जिवंत आहे, पाणी मिळालं तर उठेल. किती दिवस तग धरेल ते मात्र...
"मंग सांगून फायदा काय?" नामदेवभाऊ.
काकूच म्हणाल्या, "अर्धी काप. अर्धी राहू दे. पावसाचं या पोरीले कसं माहीत असन?"

२९ ऑगस्ट
अर्धं शेत मोकळं. अकोल्याहून सरांचं पत्र : नमुने घेऊन परत या. गेले नाही.
रोज नवी ताटं पाण्यात ठेवते. परवापासून रंग थोडा थोडा उतरतोय. आज एक पान उलगडलंच नाही. वहीत लिहिलं, काकूंना सांगितलं नाही.

३० ऑगस्ट
दुपारी बांधावर होते. काकू येऊन शेजारी बसल्या. आभाळाकडे पाहिलं नाही, नुसतं पिकाकडे. वारा पडलेला. सुरळ्यांची रांग दूरवर, पाण्याखाली असल्यासारखी अंधूक.
"झोपून राह्यली, नाई?"
मी हो म्हणाले.